शेंग हाती आहे, झाड कोणते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतील आपल्या गृहसंकुलाच्या आवारात झाडांना नावाच्या पाट्या लावायचे ठरले आहे. आंबा, जांभूळ, कडुनिंब अशी झाडे सर्वांनाच ओळखता आली. परंतु चार झाडांची नावे कोणालाच सांगता येईनात, म्हणून आपण त्यांच्याखाली पडलेल्या शेंगा आणि पाने गोळा करून त्यांची छायाचित्रे पाठवली आहेत. पहिल्या झाडाच्या शेंगा चपट्या, वाळलेल्या गवताच्या रंगाच्या आणि हलवल्यावर खुळखुळणाऱ्या आहेत. दुसऱ्याच्या काळपट, जाड आणि आतून चिकट आहेत. तिसऱ्याच्या वेटोळे घातलेल्या असून त्यांतून नारिंगी धाग्यांना अडकलेल्या बिया लोंबतात. आणि चौथ्याच्या हातभर लांब पण सुतळीएवढ्या बारीक आहेत. शिवाय खाडीकाठच्या खारफुटीत लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा कोणत्या झाडाच्या, हेही आपण विचारले आहे.

पहिले झाड शिरीष, दुसरे वर्षावृक्ष आणि तिसरे ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे, असे मी खात्रीने सांगू शकतो. चौथे बहुधा सातवीण असावे, परंतु ते वसंतराणीही असू शकते. तो निर्णय झाडाखाली उभे राहून आपल्यालाच करावा लागेल आणि तो कसा करायचा ते पुढे सांगितले आहे. ही चारही नावे मी शेंगांवरून दिली आहेत, पानांवरून नाही. पहिल्या दोन छायाचित्रांत आपण ज्यांना पाने म्हटले आहे त्या सुट्या पर्णिका, म्हणजे एकाच मोठ्या पानाचे लहान लहान भाग आहेत, आणि चौथ्या छायाचित्रात शेंगेशेजारी ठेवलेले पान सरळसरळ पिंपळाचे आहे, जे वाऱ्याने शेजारच्या झाडावरून आले असणार. जमिनीवरून उचललेली शेंग आणि जमिनीवरून उचललेले पान ही एकाच झाडाची आहेत असे गृहीत धरणे हेच बहुतेक चुकीच्या पाट्यांचे मूळ असते. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात शेंगा पिकून गळतात, आणि नेमक्या त्याच काळात शिरीषासारखी अनेक झाडे पूर्ण निष्पर्ण झालेली असतात. त्यामुळे झाडाखाली शेंगा त्याच्या आणि पाने भलत्याच्याच, असे सहज घडते. म्हणून पान आणि शेंग शक्यतो एकाच डहाळीवरची पाहावी, आणि तशी डहाळी मिळत नसेल तर दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने वर झाडावर काय दिसते ते आधी पाहून घ्यावे.

पान पाहताना पहिला प्रश्न त्याच्या आकाराचा नसतो. पान कोठे सुरू होते हा असतो. डहाळी हातात घेऊन देठ आणि डहाळी यांच्यामधल्या बेचक्यात नीट पाहिले, तर तेथे एक लहानशी कळी दिसते. ती कधी मोहरीएवढी असते, कधी तपकिरी लवेखाली झाकलेली असते, पण असते. ज्याच्या बेचक्यात अशी कळी आहे ते पान. ज्याच्या बेचक्यात ती नाही ती पर्णिका, मग ती कितीही मोठी आणि पानासारखी दिसत असली तरी. बहाव्याची एकेक पर्णिका तळहाताहून मोठी असू शकते आणि नवख्या माणसाला ती हमखास स्वतंत्र पान वाटते. परंतु तिच्या मुळाशी कळी शोधायला गेल्यास काहीच सापडत नाही, आणि दांड्यावरून मागे मागे जात राहिल्यास जेथे दांडा डहाळीला मिळतो तेथे ती कळी भेटते. याचा अर्थ तो संपूर्ण दांडा, त्यावरच्या तीन ते आठ जोड्यांसह, मिळून एक पान आहे. शिरीष आणि वर्षावृक्ष यांच्या बाबतीत हे आणखी एक पायरी मागे जाते: मुख्य दांड्याला उपदांडे फुटतात आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर असतात. झाडाखाली जो बारीक पाचोळा पसरलेला दिसतो तो या पर्णिका सुट्या होऊन गळल्यामुळे झालेला असतो.

दुसरा प्रश्न पाने डहाळीवर कशी लागली आहेत हा. ती एकाआड एक असतात, समोरासमोर जोडीने असतात किंवा एकाच पेरावर तीन-चार वा अधिक पानांचे कडे असते. शेंगांच्या बाबतीत ही एक गोष्ट इतकी उपयोगी पडते की मी ती सर्वांत आधी पाहतो. चिंच, करंज, गुलमोहर, बाभूळ, पळस यांच्या कुळाला आपण शिंबी कुळ म्हणतो, आणि आपल्या भागातल्या या कुळातील झाडांची पाने एकाआड एक असतात. तेव्हा लांब शेंग हाती आहे आणि पाने मात्र समोरासमोर आहेत, असे दिसले की ती खरी शेंग नाही असे समजून शोध दुसरीकडे वळवावा: बहुधा टेटू, पिचकारी, आकाशनिंब, वसंतराणी यांच्या कुळाकडे, किंवा डहाळी मोडल्यावर पांढरा चीक येत असेल तर कुडा आणि चाफा यांच्या कुळाकडे. चाफ्याची पाने स्वतः एकाआड एक असतात, पण त्याचा चीक आणि जाडजूड डहाळ्या पाहिल्यावर त्याला कोणी चिंचेच्या पंक्तीत बसवणार नाही.

तिसरी पाहणी शेंग उघडून करायची आहे. खरी शेंग दोन कडांनी शिवलेली असते, वाळली की बहुतेक वेळा दोन्ही कडांनी उकलते, आणि तिच्या बिया एकाच कडेला, आळीपाळीने या आणि त्या शकलावर (उकललेल्या अर्ध्या भागावर), लहान देठांनी चिकटलेल्या असतात. कुडा, सातवीण यांचे फळ एकाच कडेने उकलते आणि त्याच्या बियांना रेशमी केसांचा झुपका असतो. टेटू आणि पिचकारी यांच्या फळातील बियांना कागदासारखे पारदर्शक पंख असतात; अशी पंखवाली बी दिसली की पान न पाहताही शिंबी कुळ बाद करता येते. आणखी एक खूण आहे, जिच्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. शिरीष, वर्षावृक्ष, सुबाभूळ आणि बाभूळ यांच्या बियांच्या दोन्ही सपाट बाजूंवर नालाच्या आकाराची, एका टोकाला उघडी अशी बारीक रेघ असते. करंजाच्या किंवा पळसाच्या बीवर ती सापडणार नाही. झाड पूर्ण निष्पर्ण असेल आणि हाती फक्त शेंग असेल, तेव्हा ही रेघ शोधाचे निम्मे काम करते.

आता आपली झाडे एकेक घेऊ. शिरीषाची शेंग साधारण पंधरा ते तीस सेंटीमीटर लांब, तीन-चार सेंटीमीटर रुंद आणि पातळ असते, आणि बिया जेथे आहेत तेथे बाहेरूनही फुगवटा दिसतो. त्या शेंगा पाने गळाल्यावरही कित्येक आठवडे झाडावर राहतात आणि वाऱ्यावर सतत वाजत असतात. आपण आवाजाचा उल्लेख केला नसता तरी रंगावरून आणि रुंदीवरून हेच नाव दिले असते. नवी पालवी आली की खात्री करून घ्यावी: उपदांड्यांच्या दोन ते चार जोड्या, प्रत्येकावर पर्णिकांच्या चार ते नऊ जोड्या, पर्णिका टोकाला बोथट आणि दोन्ही बाजूंना किंचित असमान, आणि देठाच्या मुळाजवळ एक लहान फुगीर ग्रंथी, जिच्यावर पुष्कळदा मुंग्या आलेल्या दिसतात. शेंग साधारण अशीच पण तांबूस तपकिरी आणि खोड गुळगुळीत, फिकट पांढुरके असेल, तर ते झाड शिरीष नसून त्याचा भाऊबंद किन्हई आहे.

वर्षावृक्षाला पुष्कळ लोक विलायती शिरीष म्हणतात आणि त्यामुळे पाट्यांवर या दोन झाडांची सरमिसळ फार होते. शेंगा पाहिल्या तर मात्र ती होण्याचे कारण नाही. वर्षावृक्षाची शेंग जाड, जवळजवळ काळी, सरळ किंवा किंचित वाकडी असते, आपणहून उकलत नाही, आणि मोडल्यावर आत गोडसर वासाचा चिकट गर असतो, जो खारींना आणि गुरांना आवडतो. तिची लांबी दहा ते वीस सेंटीमीटर असते. पानाची खूण तितकीच स्पष्ट आहे: उपदांड्यावर टोकाकडे जावे तशा पर्णिका मोठ्या होत जातात, त्यांचा आकार तिरक्या चौकोनासारखा असतो आणि खालची बाजू बोटाला मऊ लागते. संध्याकाळी त्या मिटतात, पण ही खूण निर्णायक धरू नये, कारण शिरीषाच्या पर्णिकाही रात्री मिटतात. हे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील असून मुंबई परिसरात रस्त्यांच्या कडेने सावलीसाठी फार पूर्वीपासून लावले गेले आहे. मुंबईत या झाडांना गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला आहे. डहाळ्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर पाटी लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवणे अधिक गरजेचे आहे.

तिसऱ्या झाडाबद्दल आपण लिहिले आहे की पाने साधी, लांबट आणि कोयतीसारखी वाकलेली आहेत, मग हे बाभळीचे झाड कसे असेल? ही शंका अगदी योग्य आहे. ती पाने नाहीतच. तो पसरट झालेला देठ आहे. म्हणूनच त्यावर एक मधली शीर आणि तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा असे नेहमीचे चित्र दिसत नाही, तर मुळापासून टोकापर्यंत समांतर जाणाऱ्या तीन किंवा अधिक ठळक शिरा दिसतात, आणि मुळाशी एका कडेला बारीकशी ग्रंथी असते. या झाडाखाली पावसाळ्यात उगवलेली रोपे मिळाली तर ती अवश्य पाहावीत: रोपाची पहिली एक-दोन पाने बाभळीसारखी दुहेरी संयुक्त, म्हणजे उपदांड्यांवर पर्णिका असलेली असतात, पुढच्या पानांत देठ रुंद होत जातो आणि त्याच्या टोकाला उरलेल्या पर्णिका दिसतात, आणि त्यानंतर पर्णिका नाहीशा होऊन केवळ रुंद देठ उरतो. एकाच रोपावर हा सारा क्रम पाहायला मिळतो आणि लहान मुलांना दाखवण्यासारखे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. शेंग कोवळी असताना सपाट असते, पिकताना पिळत जाऊन वेटोळे होते, आणि उकलल्यावर काळी बी पिवळ्या-नारिंगी धाग्याला लोंबत राहते. तो धागा बीला वेढून असतो. नवी मुंबईत हे झाड सर्वत्र आहे. कोयतीऐवजी पसरट, चार बोटे रुंद किंवा त्याहून मोठे असे देठ-पान दिसले तर ते याच गटातील अकेशिया मँजियम असते. पाटीवर शास्त्रीय नाव लिहिणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २००५ साली व्हिएन्नातील आणि २०११ साली मेलबर्नमधील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांनंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे राहिले, आपली देशी बाभूळ आता वाचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू या नावाने लिहिला जातो. त्यामुळे आपल्या या झाडाला अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस म्हणणे बरोबर आहे, पण देशी बाभळीच्या पाटीवर जुने नाव असेल तर ते बदलावे.

चौथ्या झाडासाठी खालची फांदी पाहावी लागेल. सातविणीची पाने साधी असतात आणि एका पेरावर चार ते सात, क्वचित अधिक, अशी कड्याने लागतात. वसंतराणीचे पान संयुक्त असून एका लांब देठाच्या टोकाला पाच पर्णिका फाकलेल्या असतात. खालून पाहताना दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे हीच चूक सर्वाधिक होते. वर सांगितलेली कळीची कसोटी येथे लावावी. फाकलेल्या पात्यांच्या खाली एक सामाईक लांब देठ आहे आणि कळी त्या देठाच्या मुळाशी आहे, तर वसंतराणी. सामाईक देठ नाही, प्रत्येक पाते थेट डहाळीवरून निघाले आहे आणि पान तोडताच पांढरा चीक येतो, तर सातवीण. शेंगांचेही तसेच: सातविणीच्या शेंगा जोडीने लोंबतात आणि बीच्या दोन्ही टोकांना केस असतात, तर वसंतराणीची शेंग एकेकटी असून बीला दोन पारदर्शक पंख असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी आपल्या संकुलात उग्र, घुसमटवणारा गोड वास येत असेल तर सातविणीच्या बाजूने आणखी एक पुरावा मिळाला. चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

आपल्या आवारात पुढेमागे अडचण आणतील अशा काही जोड्या येथेच नोंदवतो. गुलमोहर आणि सोनमोहर यांची पाने लांबून सारखी दिसतात. परंतु गुलमोहराची शेंग हातभर, लाकडासारखी टणक असते आणि आत प्रत्येक बीला आडवी स्वतंत्र खाच असते, तर सोनमोहराची शेंग बोटभर, तांब्याच्या रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती आणि न उकलणारी असते. शेंगा नसतील तर कोवळी डहाळी पाहावी: सोनमोहराच्या डहाळीवर गंजाच्या रंगाची लव असते, आणि गुलमोहराच्या देठाच्या मुळाशी बारीक विभागलेली उपपर्णे (पानासारखे लहान अवयव) असतात. नीलमोहराचे पान या दोघांसारखेच दिसते, पण ते डहाळीवर समोरासमोर लागते आणि त्याचे फळ शेंग नसून चपटी, गोल, लाकडी डबी असते. आपटा आणि कांचन यांचा गोंधळ तर दरवर्षी दसऱ्याला बाजारात दिसतो. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते आणि त्याच्या काळपट शेंगा न उकलता महिनोन्महिने झाडावर राहतात. कांचनाचे पान बरेच मोठे असते आणि त्याची शेंग वाळल्यावर आवाज करत फुटते, तिची शकले पिळून जातात. करंजाची शेंग लहान, टणक, टोकाला किंचित चोच असलेली आणि बहुधा एकाच बीची असते. ती पाण्यावर तरंगते, त्यामुळे खाडीकाठी ती सापडली म्हणून जवळपास करंज आहेच असे म्हणता येत नाही. बाकी शेवग्याची त्रिधारी शेंग आणि चिंचेची शेंग यांबद्दल मराठी माणसाला काही सांगायला नको.

येऊरच्या जंगलात फिरायला जात असाल तर तेथे कुडा आणि काळा कुडा या दोघांच्या बारीक जोडशेंगा भेटतील. काळ्या कुड्याच्या जोडीतील दोन्ही शेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, कुड्याच्या सुट्या असतात. पाने दोघांचीही समोरासमोर आणि चिकाची. दोरासारखी पीळ घातलेली मुरुडशेंगही तेथे भरपूर आहे, पण ती झुडपाची आहे. ते राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र असल्याने तेथून काही तोडून किंवा उचलून आणू नये. छायाचित्रे पुरेशी होतात.

खाडीतल्या हिरव्या शेंगांबद्दल. त्या शेंगा नाहीत आणि बियाही नाहीत. ती कांदळाची किंवा त्याच्या कुळातील झाडाची रोपे आहेत. या झाडाची बी फळात असतानाच, झाडावरच रुजते आणि तिचा कोंबाखालचा भाग फळातून बाहेर येऊन खाली वाढत जातो. तो पुरेसा वाढला की रोप गळून चिखलात रुतते किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन रुजते. पाने समोरासमोर, जाड, चकचकीत आणि टोकाला सुईसारखे बारीक अग्र असलेली असतील, आणि खोडाच्या खालच्या भागातून कमानीसारखी आधारमुळे निघाली असतील, तर तो कांदळच. ठाणे खाडीत मात्र संख्येने जास्त तिवरे आहेत, ज्यांची फळे लहान, चपटी आणि करड्या-हिरव्या रंगाची असतात. त्यांतही बी आतल्या आत रुजलेली असते, फक्त ती बाहेर दिसत नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली आहे, तेव्हा ही रोपे तोडू नयेत. आपण ऐरोलीतच राहत असल्यामुळे तेथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन ही झाडे जवळून पाहावीत.

पुढच्या वेळी छायाचित्रे पाठवाल तेव्हा डहाळीचे असे एक छायाचित्र घ्यावे ज्यात किमान तीन पाने आणि त्यांची बेचकी स्पष्ट दिसतील. दुसरे पानाच्या खालच्या बाजूचे. तिसरे उघडलेल्या शेंगेचे, बिया जागच्या जागी ठेवून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि चौथे खोडाच्या सालीचे. तारीख लिहावी, कारण झाड त्या महिन्यात पानांनी भरलेले होते की उघडे, हीसुद्धा ओळखीची खूण असते. मोबाइलवरची ओळख सांगणारी ॲप जरूर वापरावीत, पण त्यांनी दिलेले नाव ही तपासायची शक्यता समजावी. सुट्या पर्णिकेचे छायाचित्र दिल्यास ती फार चुकतात. चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न कोणी करू नये, विशेषतः मुलांनी: पिवळ्या कण्हेरीचे फळ, गुंजेच्या लाल-काळ्या बिया आणि गिरिपुष्पाच्या बिया विषारी आहेत आणि तिन्ही आपल्याकडे सहज हाताशी येतात.

पाट्या खिळ्यांनी ठोकू नयेत. खिळ्याच्या जखमेतून बुरशी आणि कीड आत शिरते. त्याऐवजी झाडाशेजारी जमिनीत लहान खांब रोवून त्यावर पाटी लावावी, किंवा स्प्रिंग असलेली सैल तार वापरून ती दरवर्षी ढिली करावी. चौथ्या झाडाची पाटी मात्र डहाळी पाहून होईपर्यंत कोरी ठेवावी.